अण्वस्त्रे सोडणारा देश फसतो का?

प्रश्न

गेली काही वर्षे एक विचार मला सतत अस्वस्थ करतो आहे. तो येथे सविस्तर मांडतो, कारण त्याचे खंडन व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे युक्रेन अण्वस्त्ररहित देश म्हणून अण्वस्त्रप्रसारबंदी करारात सामील झाला आणि त्याच वेळी अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनी त्याच्या सार्वभौमत्वाचा आणि सीमांचा आदर राखण्याचे लेखी आश्वासन दिले. सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर लांब पल्ल्याची सुमारे १,९०० अण्वस्त्रे उरली होती. १९९६ च्या मध्यापर्यंत ती सगळी रशियात गेली. पुढे २०१४ मध्ये क्रिमिया गेला, २०२२ मध्ये संपूर्ण देशावर आक्रमण झाले आणि आक्रमण करणारा देश आश्वासनावर सही करणाऱ्यांपैकीच एक होता. लिबियाने डिसेंबर २००३ मध्ये आपला अण्वस्त्र कार्यक्रम सोडला. आठ वर्षांच्या आत गडाफींची सत्ता आणि त्यांचा जीव दोन्ही गेले. उत्तर कोरियाने मात्र जानेवारी २००३ मध्ये करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले, ऑक्टोबर २००६ मध्ये पहिली चाचणी केली, २०१७ पर्यंत एकूण सहा केल्या आणि आज त्याच्यावर कडक निर्बंध असले तरी हल्ला करण्याचे धाडस कोणी करत नाही. इराण तर करारात राहूनही जून २०२५ मध्ये त्याच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब पडले.

बलाढ्य आणि आक्रमक शेजारी असलेल्या एखाद्या मध्यम आकाराच्या देशाच्या राज्यकर्त्याने या चार उदाहरणांतून काय शिकावे? प्रसारबंदीचा करार हा दुबळ्यांनी पाळायचा आणि बळवंतांनी मोडायचा नियम आहे, हा निष्कर्ष चुकीचा असेल तर तो नेमका कोठे चुकतो, हे कृपया कोणी समजावून सांगावे.


प्रतिसाद १

आपण दिलेल्या घटना खऱ्या आहेत. त्यांची जुळणी मात्र मला पटत नाही. युक्रेनपासून सुरुवात करतो, कारण हे उदाहरण सर्वत्र दिले जाते आणि बहुतेक वेळा अर्धेच सांगितले जाते.

अस्त्र आपल्या भूमीवर असणे आणि ते वापरण्याचा हुकूम आपल्या हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युक्रेनमधील क्षेपणास्त्रे डागण्याचे सांकेतिक क्रमांक मॉस्कोच्या ताब्यात होते. पुरेसा वेळ मिळाला असता तर युक्रेनच्या अभियंत्यांनी ती कुलपे कदाचित उघडलीही असती, कारण त्यांतील काही क्षेपणास्त्रे युक्रेनच्याच कारखान्यांत तयार झाली होती. परंतु अण्वस्त्र एकदा बनवून ठेवले की कायमचे टिकते असे नाही. त्यातील ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप, जे हळूहळू क्षय पावते) काही वर्षांनी बदलावा लागतो, सुटे भाग तपासावे लागतात, आणि ही सगळी व्यवस्था रशियात होती. ज्या देशाची अर्थव्यवस्था तेव्हा कोसळत होती त्याला ती नव्याने उभारावी लागली असती, आणि तीही अमेरिका व रशिया या दोघांचा रोष पत्करून. १४ जानेवारी १९९४ च्या अमेरिका, रशिया व युक्रेन यांच्या त्रिपक्षीय निवेदनानुसार युक्रेनला अस्त्रांच्या बदल्यात अणुभट्ट्यांसाठी इंधन आणि आर्थिक साहाय्य मिळाले. त्या क्षणी तो सौदा मूर्खपणाचा नव्हता.

फसवणूक झाली ती आश्वासनाच्या पातळीवर. बुडापेस्टच्या त्या कागदात मदतीला सैन्य पाठवण्याचे बंधन कोणावरही नाही. अण्वस्त्रांनी हल्ला झाल्यास सुरक्षा परिषदेकडे दाद मागण्याची तरतूद आहे. आणि त्या परिषदेत रशियाकडे नकाराधिकार आहे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हाती निकाल. एवढ्या कमकुवत शब्दांवर एवढी मोठी गोष्ट सोपवली गेली याबद्दल मला आजही संताप येतो.

उत्तर कोरियाचे उदाहरणही उलट बाजूने पाहावे. १९९४ मध्ये, म्हणजे पहिल्या चाचणीच्या बारा वर्षे आधी, अमेरिकेने योंगब्योनच्या अणुकेंद्रावर हल्ला करण्याचा विचार केला होता आणि तो सोडून दिला. कारण सोल शहर सीमेपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे आणि उत्तर कोरियाच्या तोफांच्या माऱ्यात येते. ज्या सुरक्षिततेचे श्रेय आपण बॉम्बला देता, ती बरीचशी त्या देशाकडे बॉम्ब नसतानाही होती. लिबियाबाबत मात्र मी आपल्याशी वाद घालणार नाही. तिकडे आलेली यंत्रसामग्री बव्हंशी खोक्यांतच पडून होती, बॉम्ब अजून फार दूर होता; तरीही त्रिपोलीत जे घडले ते प्याँगयाँगमध्ये फार बारकाईने पाहिले गेले, हे खरे आहे.


प्रतिसाद २

मूळ प्रश्नातील यादी चार देशांची आहे. ज्यांनी हा मार्ग सोडला आणि ज्यांचे काहीच बिघडले नाही ते देश बातमीत येत नाहीत, म्हणून यादीतही येत नाहीत. मार्च १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी अशी भीती व्यक्त केली होती की १९७० च्या दशकात अण्वस्त्रधारी देशांची संख्या १५ किंवा त्याहून अधिक होईल. त्यांची भीती निराधार नव्हती, कारण स्वीडन, स्वित्झर्लंड यांसारखे आज आपल्याला शांतताप्रिय वाटणारे देशही तेव्हा या अस्त्राचा गंभीरपणे विचार करत होते. आज, साठ वर्षांनंतर, ती संख्या नऊ आहे.

ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते या विषयातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट तिथे घडली. १९७० आणि १९८० च्या दशकांत दोन्ही देशांत लष्करी राजवटी होत्या, दोघेही युरेनियम समृद्ध करण्याची, म्हणजे त्यातील बॉम्बला उपयोगी अणूंचे प्रमाण वाढवण्याची, गुप्त केंद्रे चालवत होते, दोघेही प्रसारबंदी कराराबाहेर होते आणि दोघांनाही एकमेकांचा संशय होता. लष्करी राजवटी गेल्यानंतर अर्जेंटिनाचे अध्यक्ष आल्फोन्सिन यांनी एक असाधारण पाऊल उचलले: जुलै १९८७ मध्ये त्यांनी ब्राझीलचे अध्यक्ष सार्नी यांना पिल्कानियेऊ येथील आपले समृद्धीकरण केंद्र आतून दाखवले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सार्नींनी आल्फोन्सिन यांना ब्राझीलचे आरामार येथील केंद्र दाखवले. १९९१ मध्ये दोघांनी मिळून एक संयुक्त तपासणी संस्था स्थापन केली; अर्जेंटिनाचे निरीक्षक ब्राझीलमध्ये आणि ब्राझीलचे निरीक्षक अर्जेंटिनामध्ये जाऊन अणुसामग्रीचा हिशेब तपासतात, आणि ही व्यवस्था आजही चालू आहे. प्रसारबंदी करारावर त्यांनी नंतर सह्या केल्या. विश्वास आधी तयार झाला, करार मागून आला.

दक्षिण आफ्रिकेने तर प्रत्यक्ष बनवलेले सहा बॉम्ब मोडून टाकले, जुलै १९९१ मध्ये करारात प्रवेश केला आणि मार्च १९९३ मध्ये अध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत ते जाहीर केले. अर्थात तिथे अंगोला-नामिबियाच्या सीमेवरचे युद्ध संपले होते आणि गोऱ्या राजवटीला येणाऱ्या बहुमताच्या सरकारच्या हाती ही अस्त्रे पडू द्यायची नव्हती, असेही अनेक अभ्यासक मानतात. हेतू शुद्ध होता असा माझा दावा नाही.

आणखी एक गोष्ट. बॉम्ब असलेल्या देशावर हल्ला होत नाही असे आपण म्हणता, पण बॉम्ब बनवू पाहणाऱ्या देशावर तो होतो. जून १९८१ मध्ये इराकच्या ओसिराक अणुभट्टीवर, सप्टेंबर २००७ मध्ये सीरियात, जून २०२५ मध्ये इराणमध्ये. संकल्प आणि सिद्धी यांच्यामधली पाच-दहा वर्षे त्या देशाच्या इतिहासातील सर्वांत असुरक्षित वर्षे ठरू शकतात. आपल्या काल्पनिक राज्यकर्त्याला कोणी सल्ला देणार असेल तर त्याने हा टप्पा वगळून देऊ नये.


प्रतिसाद ३

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु एका ठिकाणी भर घालणे आवश्यक वाटते. जपान, दक्षिण कोरिया, जर्मनी यांनी अण्वस्त्रे बनवली नाहीत ती केवळ करारावरील श्रद्धेपोटी नव्हे. त्यांच्यावर अमेरिकेचे अण्वस्त्रछत्र आहे, म्हणजे त्यांच्यावर हल्ला झाल्यास आपल्या अण्वस्त्रांनिशी संरक्षण करण्याची अमेरिकेची हमी. दक्षिण कोरियाने १९७० च्या दशकात, अमेरिकी सैन्य कमी होऊ लागले तेव्हा, गुप्तपणे अण्वस्त्रांच्या दिशेने पावले टाकली होती आणि अमेरिकेच्या दबावाखाली एप्रिल १९७५ मध्ये करार मंजूर केला आणि ती पावले मागे घेतली. म्हणजे ज्या प्रसारबंदीचे आपण कौतुक करतो, तिचा एक खांब अण्वस्त्रांच्याच धाकावर उभा आहे. हे मान्य करणे अवघड जाते, पण ते दृष्टीआड करून केलेली चर्चा अपुरी राहते. आज त्या छत्राच्या भरवशाबद्दल मित्रदेशांतच शंका विचारल्या जात आहेत, आणि पुढील दहा वर्षांत प्रसाराचा धोका उपेक्षित देशांपेक्षा या सधन, तंत्रज्ञानसंपन्न देशांकडून अधिक आहे असे मला वाटते.


प्रतिसाद ४

माझा अभ्यास तांत्रिक बाजूचा आहे, म्हणून इराणच्या उदाहरणावर लिहितो. तपासणी म्हणजे काय आणि ती गेली की काय जाते, हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.

निसर्गात सापडणाऱ्या युरेनियमच्या साधारण १४० अणूंमध्ये उपयोगाचा, म्हणजे युरेनियम-२३५ चा, फक्त एक अणू असतो. हे प्रमाण ०.७ टक्के झाले. वीज निर्माण करणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना तीन ते पाच टक्के लागतात आणि बॉम्बसाठी साधारण ९० टक्के. आकडे पाहून वाटते की चार टक्क्यांपासून नव्वदचे अंतर फार मोठे आहे. प्रत्यक्षात हिशेब उलटा आहे. त्या १४० अणूंमधून ११५ नकोसे अणू बाजूला काढले की चार टक्के होतात, आणखी २० काढले की २० टक्के होतात, आणि मग नव्वदच्या पलीकडे जायला केवळ उरलेले चार काढायचे असतात. प्रत्यक्ष यंत्रांतील गणित याहून गुंतागुंतीचे आहे, पण मर्म हेच: बहुतांश कष्ट सुरुवातीलाच होऊन जातात. म्हणूनच इराण आणि अमेरिकेसह काही बड्या देशांमध्ये १४ जुलै २०१५ रोजी झालेल्या व्हिएन्ना करारात इराणवर ३.६७ टक्के आणि ३०० किलोग्रॅम अशा दुहेरी मर्यादा घातल्या होत्या. त्या कराराचा प्राण मात्र मर्यादेपेक्षा नजरेत होता. कॅमेरे, मोहोरबंद कुलपे, भिंतींवरून पुसून घेतलेले धुळीचे नमुने आणि सेंट्रिफ्यूजचे (युरेनियम समृद्ध करणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रांचे) भाग बनवणाऱ्या कार्यशाळांपर्यंत पोहोचणारे निरीक्षक, एवढा पसारा त्यामागे होता.

अमेरिका मे २०१८ मध्ये त्या करारातून बाहेर पडली. इराणने टप्प्याटप्प्याने मर्यादा ओलांडल्या आणि एप्रिल २०२१ पासून ६० टक्क्यांपर्यंत समृद्धीकरण सुरू केले. जून २०२५ च्या हल्ल्यांच्या वेळी त्याच्याकडे ६० टक्के समृद्ध केलेले चारशे किलोग्रॅमहून अधिक युरेनियम होते. ते आणखी समृद्ध केल्यास, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मोजमापाने, सुमारे दहा बॉम्बना पुरेल. हल्ल्यांत नतान्झ आणि फोर्दो येथील यंत्रशाळांची मोठी हानी झाली. पण त्यानंतर कित्येक महिने निरीक्षकांना तो साठा डोळ्यांनी पाहता आला नाही. बॉम्ब पडण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत जगाला या साठ्याचा हिशेब किलोग्रॅममध्ये ठाऊक होता; नंतर केवळ अंदाज उरले.

१९९१ चे इराकही आठवावे. आखाती युद्धानंतर निरीक्षक आत गेले तेव्हा त्यांना असा अण्वस्त्र कार्यक्रम सापडला की ज्याचा नियमित तपासणीत पत्ताच लागला नव्हता, कारण देशाने जाहीर केलेल्या जागाच तपासण्याची तेव्हा पद्धत होती. त्या धड्यातून १९९७ मध्ये ‘अतिरिक्त प्रोटोकॉल’ तयार झाला आणि जाहीर न केलेल्या जागांचीही पाहणी करण्याचा अधिकार मिळाला. हा प्रोटोकॉल स्वीकारणे आजही ऐच्छिक आहे. माझ्या मते प्रसारबंदीतले सर्वांत मोठे भगदाड तेच आहे.


प्रतिसाद ५

एक मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. समजा, प्रश्नातील राज्यकर्त्याने बॉम्ब मिळवला. त्यानंतर त्याच्याकडे काय असते? एक रडार, काही उपग्रहांची माहिती, एक हुकूमसाखळी आणि विचार करायला काही मिनिटे.

नोव्हेंबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रातील पडद्यांवर सोव्हिएत हल्ला दिसू लागला. सरावासाठी बनवलेली माहिती चुकून खऱ्या यंत्रणेत शिरली होती. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत उपग्रहांनी पाच क्षेपणास्त्रे येत असल्याचे सांगितले. कामावरील अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी हा खोटा इशारा असल्याचे ठरवले, आणि ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसले होते हे नंतर कळले. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेहून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी अग्निबाण सोडला गेला. त्याची पूर्वसूचना रडारवरच्या माणसांपर्यंत पोहोचली नव्हती आणि रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रे डागण्याचा हुकूम देण्याची पेटी उघडली गेली.

अमेरिका आणि रशिया यांच्यामध्ये क्षेपणास्त्राला यायला साधारण तीस मिनिटे लागतात. शेजारी देशांमध्ये ती पाच-सात मिनिटांवर येतात. ९ मार्च २०२२ रोजी देखभालीच्या वेळी चुकून सुटलेले भारताचे एक निःशस्त्र क्षेपणास्त्र पाकिस्तानच्या पंजाबात मियाँ चन्नूजवळ पडले. भारताने चूक मान्य केली, पाकिस्तानने संयम राखला. पण तीच घटना युद्धज्वर चढलेल्या आठवड्यात घडली असती तर काय झाले असते, या विचाराने माझी झोप उडाली होती. याच दोन देशांनी डिसेंबर १९८८ मध्ये एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला ते केंद्रांच्या याद्या एकमेकांना देत आले आहेत. कारगिलचे युद्ध झाले तरी हा शिरस्ता मोडला नाही. नऊ देशांऐवजी वीस देशांकडे अण्वस्त्रे असतील तर अशा जोड्या किती होतील आणि त्यांतील किती जोड्यांमध्ये असा एखादा शिरस्ता असेल, याचा विचार व्हावा.


प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. युक्रेनसंबंधीचे माझे आकलन अपुरे होते, हे मान्य करतो. संकल्प आणि सिद्धी यांमधील धोक्याचा मुद्दाही मी विचारात घेतला नव्हता, आणि ब्राझील-अर्जेंटिनाची हकीकत मला ठाऊकच नव्हती.

तरीही माझ्या आक्षेपाचा दुसरा भाग तसाच उरतो. कराराच्या सहाव्या कलमानुसार अण्वस्त्रधारी देशांनी निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी करायच्या आहेत. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला. इतरांकडून शिस्तीची अपेक्षा करणाऱ्यांनी स्वतः काय केले? आणि दहाव्या कलमानुसार केवळ तीन महिन्यांची सूचना देऊन कोणालाही बाहेर पडता येते, तर करारात राहून तंत्रज्ञान मिळवायचे आणि मग निघून जायचे, याला अटकाव कोणता?


प्रतिसाद ६

सहाव्या कलमाबाबत आपली तक्रार न्याय्य आहे, पण हिशेबात दोन्ही बाजू याव्यात. १९८६ च्या सुमारास जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती, आज ती साधारण १२,००० आहेत. अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यातील १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारानुसार २,६९२ क्षेपणास्त्रे प्रत्यक्ष मोडली गेली. रशियाच्या अस्त्रांतील ५०० टन समृद्ध युरेनियम सौम्य करून २०१३ पर्यंत अमेरिकेच्या अणुभट्ट्यांत जाळले गेले. वीस वर्षे तिथल्या सुमारे दहा टक्के विजेमागे एके काळी त्याच देशावर रोखलेल्या अस्त्रांतील इंधन होते. हे सगळे घडले आहे.

दुःख याचे आहे की ती उतरंड थांबली आहे. १९८७ चा करार २०१९ मध्ये संपला. अमेरिका व रशिया यांच्यातील ‘न्यू स्टार्ट’ कराराने दोन्ही देशांच्या तैनात लांब पल्ल्याच्या अस्त्रांवर १,५५० ची मर्यादा घातली होती आणि वर्षाला १८ प्रत्यक्ष तपासण्यांची मुभा दिली होती. मार्च २०२० मध्ये साथीमुळे तपासण्या थांबल्या त्या पुन्हा सुरूच झाल्या नाहीत, फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला, आणि एकदाच मिळू शकणारी मुदतवाढ आधीच वापरलेली असल्याने कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. चीनची अस्त्रे सहाशेच्या घरात पोहोचली आहेत आणि त्यांवर कोणत्याही कराराची मर्यादा नाही. प्रसारबंदी कराराच्या २०१५ आणि २०२२ या दोन्ही आढावा परिषदा सहमतीच्या निवेदनाविना संपल्या. २०१७ मध्ये १२२ देशांनी मतदान करून अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार संमत केला तो याच निराशेतून, आणि त्यात अण्वस्त्रधारी देशांपैकी एकही नाही.

दहाव्या कलमाबाबत: ते बदलणे जवळजवळ अशक्य आहे, कारण दुरुस्तीला बहुसंख्य सदस्यांची आणि त्यांत कराराने मान्य केलेल्या पाचही अण्वस्त्रधारी देशांची (अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन) संमती लागते. म्हणून काम खालच्या पातळीवर होते. अणुभट्टी किंवा इंधन पुरवणारा देश आपल्या द्विपक्षीय करारात अशी अट घालू शकतो की घेणाऱ्याने प्रसारबंदी सोडली तर दिलेली सामग्री परत करावी लागेल आणि तोपर्यंत तिच्यावरील तपासणी चालू राहील. अमेरिकेच्या अणुसहकार्य करारांत परत घेण्याचा असा हक्क राखून ठेवलेला असतो. सर्व पुरवठादार देशांनी ही अट एकसारखी आणि सवलतीविना लावावी, असा प्रस्ताव आढावा परिषदांमध्ये वेगवेगळ्या रूपांत मांडला गेला आहे. त्यावर एकमत झालेले नाही. कित्येक अण्वस्त्ररहित देशांना तो आपल्यावरचा आणखी एक निर्बंध वाटतो, आणि सहाव्या कलमाचा हिशेब मांडला की त्यांचा राग समजण्यासारखा आहे.